मैलागणिक पथकर आणि लोकमताचा विरोध

कर देणे कोणासही आवडत नाही, हे सांगण्यास पंडित नको. परंतु सर्वच कर लोकांस सारखे नावडते असतात असे मात्र नाही. काही कर लोक वर्षानुवर्षे मुकाट्याने देत राहतात. आणि काही करांचे नुसते नाव निघाले, तरी सभा भरतात, अर्ज फिरतात आणि मंत्र्यांस आपले बेत गुंडाळून ठेवावे लागतात. ज्याचा भार अधिक तो कर अधिक नावडता, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण अनुभव निराळा आहे. याचे ठळक उदाहरण म्हणजे मोटारींवर बसवावयाचा मैलागणिक पथकर. मोटार वर्षात जितके मैल धावेल तितक्या मैलांचे पैसे तिच्या मालकाने सरकारास द्यावे, ही कल्पना कागदावर अगदी सरळ दिसते. जो रस्ता अधिक वापरतो त्याने अधिक द्यावे, जो कमी वापरतो त्याने कमी द्यावे, यात अन्याय तो कोणता? तरीही २००७ सालच्या फेब्रुवारीपर्यंत ब्रिटनमधील सुमारे १८ लाख लोकांनी या कल्पनेविरुद्ध पंतप्रधानांकडे पाठविलेल्या एका अर्जावर आपली नावे घातली. एवढे लोक केवळ पैशाच्या लोभाने उठले असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्या विरोधाच्या पोटी काय होते आणि त्यातील किती भाग रास्त होता, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे तोच प्रश्न आता नव्याने दाराशी आला आहे.

वस्तुतः हा विरोध मोटारीहूनही जुना आहे. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील बहुतेक हमरस्ते पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झालेल्या विश्वस्त मंडळांच्या हाती होते. ही मंडळे कर्ज काढून रस्ता दुरुस्त करीत, वाटेत फाटके उभारीत आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्याघोड्यांकडून पैसे घेत. प्रवास जितका लांबचा तितकी फाटके अधिक. म्हणजे मैलागणिक कराचाच तो एक ओबडधोबड अवतार होता. वेल्सच्या नैर्ऋत्य भागातील शेतकऱ्यांस याचा जाच फार झाला. तेथील जमीन अशी की, चुना घातल्यावाचून ती धड पीक देत नसे. आणि चुना आणावयाचा तो दूरच्या भट्ट्यांवरून गाडीने. वाटेत निरनिराळ्या मंडळांची फाटके एकामागून एक लागत, आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा पैसे मोजावे लागत. चुन्याच्या मूळ किमतीशी फाटकांवरील खर्चाने स्पर्धा करावी, अशी अवस्था झाली.

अखेर १८३९ सालच्या मे महिन्यात एव्हाइलवेन या गावचे फाटक लोकांनी मोडून टाकले. मोडणारे पुरुष स्त्रियांचे झगे घालून आणि तोंडास काळे फासून आले होते, व त्यांच्या म्होरक्यास ते ‘रिबेका’ म्हणत. बायबलातील रिबेकेस तिच्या आप्तांनी असा आशीर्वाद दिला होता की, तिच्या वंशजांस वैऱ्यांच्या वेशी लाभोत. त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. १८४३ साली या दंग्यांचा कळस झाला. त्याच वर्षी एका फाटकाची राखण करणारी वृद्ध स्त्री गोळी लागून मेली, तेव्हा चळवळीबद्दलची सहानुभूतीही ओसरू लागली. सरकारने फौज पाठविली. परंतु तेवढ्यावरच न थांबता एक चौकशी मंडळही नेमले. त्या मंडळाने गाऱ्हाणी ऐकून घेतली, आणि १८४४ च्या कायद्याने दक्षिण वेल्समधील फुटकळ मंडळे मोडून रस्ते परगणावार मंडळांच्या ताब्यात देण्यात आले, दर एकसारखे करण्यात आले आणि चुन्यावरील आकार निम्म्यावर आणण्यात आला. यातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, फाटके त्यानंतरही अनेक वर्षे राहिली व लोक पैसेही देत राहिले. दंगे मात्र थांबले. म्हणजे लोकांचा राग कर देण्यावर नव्हता. एकाच रस्त्याचे पैसे पुनःपुन्हा द्यावे लागतात, त्यांचा हिशेब कळत नाही आणि ज्याला दुसरा मार्गच नाही त्याच्यावरच भार पडतो, यावर तो होता. ही तीन दुःखे निराळ्या वेषात पुढेही भेटतील.

ब्रिटनमधील अशा विश्वस्त मंडळांपैकी शेवटचे मंडळ १८९५ साली बंद पडले. त्यानंतर लवकरच मोटार आली, आणि १९०९ साली अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी पेट्रोलवर कर बसविला. हा करही एका परीने मैलागणिकच होय. मोटार जितकी अधिक धावेल तितके पेट्रोल अधिक जळेल, आणि तितका कर अधिक पडेल. मात्र त्याची वसुली फाटकावर होत नाही. तो पेट्रोलच्या किमतीत मुरलेला असतो. दुधात पाणी मिसळले असता ते जसे डोळ्यांस निराळे दिसत नाही, तसाच हा कर. मोटारवाला टाकी भरून पैसे देतो आणि पेट्रोल महाग झाले एवढेच म्हणतो. सरकारला वसुलीचा खर्च थोडा, आणि देणारास कोठे गेला होतास असे विचारणारे कोणी नाही. या दोन गुणांमुळे हा कर दीर्घकाळ टिकला.

तथापि मुरलेल्या करासही मर्यादा असते. १९९३ पासून ब्रिटिश सरकारने हा कर दरसाल महागाईच्या वर आणखी काही टक्क्यांनी वाढविण्याचे धोरण ठेवले. १९९९ साली ते सोडून देण्यात आले. परंतु तोपर्यंत पेट्रोलच्या किमतीचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग कराचा झाला होता. २००० सालच्या सप्टेंबरात शेतकरी व मालमोटारवाले यांनी तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या दारांशी ठाण मांडले, आणि थोड्याच दिवसांत देशभरचे पेट्रोलपंप कोरडे पडू लागले. त्या घटनेचा धाक इतका बसला की, २०११ च्या मार्चमध्ये लिटरमागे ५७.९५ पेन्स ठरलेला हा कर पुढे अकरा वर्षे कोणत्याही पक्षाच्या सरकारने एका पेन्सानेही वाढविला नाही, आणि २०२२ च्या मार्चमध्ये तर तो ५२.९५ पेन्सांवर उतरविला.

पेट्रोलवरील कराचे आणखी एक वैगुण्य अर्थशास्त्रज्ञांस पूर्वीपासून दिसत होते. खेड्यातील मोकळ्या रस्त्यावर मैलभर गेलेली मोटार आणि सकाळी नऊ वाजता शहराच्या मध्यभागी मैलभर रखडलेली मोटार यांच्याकडून तो जवळपास सारखेच घेतो. पहिलीमुळे कोणाचेही अडत नाही. दुसरीमुळे मागच्या शेकडो लोकांचा वेळ जातो. तेव्हा कर मैलावर असावाच, पण मैल कोठला आणि कोणत्या घटकेचा हे पाहून असावा, असा विचार पुढे आला. रूबेन स्मीड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६४ सालीच असे दाखवून दिले होते की, हे तत्त्वतः इष्ट असून यंत्रांच्या साह्याने शक्यही आहे. २००५ सालच्या जूनमध्ये वाहतूकमंत्री अॅलिस्टर डार्लिंग यांनी ही कल्पना देशापुढे मांडली. त्यांनी सुचविलेले दर असे : मोकळ्या ग्रामीण रस्त्यावर मैलास २ पेन्स, आणि गर्दीच्या वेळी सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावर मैलास १ पौंड ३४ पेन्स. मोटारीत एक पेटी बसवावयाची, तिने आकाशातील उपग्रहांच्या संकेतांवरून मोटारीचे ठिकाण ओळखावयाचे, आणि त्यावरून हिशेब करावयाचा. मोबदल्यात जुने कर कमी करता येतील, असेही सांगण्यात आले.

विद्वानांस ही योजना पटली. लोकांस मात्र ती पटली नाही. २००६ च्या अखेरीस पंतप्रधानांच्या कचेरीने विद्युत्-माध्यमाने नागरिकांचे अर्ज स्वीकारण्याची सोय नुकतीच केली होती. तेथे या योजनेविरुद्ध एक छोटासा अर्ज दाखल झाला. त्याची मुदत संपेपर्यंत त्यावर सुमारे १८ लाख नावे पडली, आणि सही करणारांस पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना स्वतः लेखी उत्तर धाडावे लागले. त्या अर्जाची मांडणी बोलकी आहे. त्यात प्रथम निषेध होता तो मोटारींच्या पाठलागाचा. कराचा उल्लेख त्यानंतरचा. आणि कराविषयीचे म्हणणे असे होते की, इंधनावरील करामुळे अधिक फिरणारा आजही अधिक देतोच आहे, मग नवे कशाला? राष्ट्रीय योजना तेथेच अडली. २०१० साली अधिकारावर आलेल्या संयुक्त सरकारने अस्तित्वात असलेल्या रस्त्यांवर असा कर बसविण्याचा बेत टाकून दिला.

या विरोधाचे तीन आक्षेप अलग करून पाहिले पाहिजेत. कारण ते एकाच आरोळीत मिसळलेले असले तरी त्यांची मुळे निराळी आहेत.

पहिला आक्षेप दुहेरी कराचा. नवा कर आल्यावर जुना खरोखर जाईल काय, ही ती शंका. तिला इतिहासाचा आधार आहे. मोटारींपासून मिळणारे पैसे रस्त्यांवरच खर्चावेत म्हणून ब्रिटनमध्ये एक स्वतंत्र निधी उघडण्यात आला होता. परंतु अर्थमंत्र्यांनी त्यात वरचेवर हात घातला, आणि १९३७ साली रस्ते व मोटारकर यांचा तो थेट संबंध तुटला. तेव्हापासून मोटारवाल्याचे पैसे सर्वसाधारण तिजोरीत जातात. ज्या घरधन्याने एकदा भाडे आगाऊ घेऊन डागडुजी केली नाही, त्याच्या दुसऱ्या वचनावर भाडेकरू सहज विश्वास ठेवीत नाही. ‘जुने कमी करता येतील’ आणि ‘जुने रद्द होतील’ या दोन वाक्यांतील अंतर सामान्य माणसास बरोबर कळते.

दुसरा आक्षेप पाळतीचा. मोटार कोठे गेली, किती वाजता गेली आणि किती वेळ थांबली, हे सरकारी दप्तरात नोंदले जावे ही कल्पनाच पुष्कळांस असह्य वाटते. ज्याने काही वाईट केले नाही त्याला भय कसले, असे यावर म्हणतात. परंतु माणूस दवाखान्यात जातो, वकिलाकडे जातो, देवळात किंवा सभेस जातो, रुसलेल्या भावाची समजूत घालावयास जातो. यातील कोणतीच गोष्ट वाईट नाही, आणि तरीही ती परक्याने टिपून ठेवावी असे त्यास वाटत नाही. शिवाय आजचे सरकार सज्जन असले तरी दप्तर त्याच्यामागून येणाऱ्यांच्याही हाती पडते. हा आक्षेप भित्रेपणाचा नसून नागरिकत्वाचा आहे.

तिसरा आक्षेप न्यायाचा. शहरातील मनुष्यास रेल्वे आहे, बस आहे, पायी जाण्याची सोय आहे. खेड्यातील मनुष्यास वाण्याचे दुकान, शाळा आणि डॉक्टर ही सारी मैलांच्या हिशेबाने दूर. तो अधिक मैल जातो तो हौसेने नव्हे. त्याचप्रमाणे ज्या कामगाराची पाळी सकाळी सहाला सुरू होते त्यास वेळ बदलण्याची मुभा नसते. ती त्याच्या वरिष्ठास असते. मैलावर सरसकट कर बसविला की हा भेद पुसला जातो.

आता या तिन्हींपैकी दुसरा आणि तिसरा आक्षेप शेजारी-शेजारी ठेवून पाहावे, म्हणजे या प्रश्नातील खरी गाठ हाती लागते. खेडुताचा मैल स्वस्त आणि शहराच्या गर्दीतला मैल महाग करावयाचा, तर मोटार खेड्यात होती की शहरात, आणि किती वाजता होती, हे वसुली करणारास कळलेच पाहिजे. म्हणजे कर जितका न्याय्य करावा तितकी पाळत वाढते. उलट पाळत मुळीच नको म्हटले, तर मोटारीतील मीटरचा आकडा वर्षातून एकदा पाहावा आणि तितक्या मैलांचे पैसे घ्यावे, एवढाच मार्ग उरतो. परंतु तो कर आंधळा असतो. त्याला खेडे दिसत नाही आणि गर्दीही दिसत नाही. केवळ आकडा पाहणारास ते मैल स्वदेशात झाले की समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये, हेसुद्धा सांगता यावयाचे नाही. न्याय आणि एकान्त या दोन्ही गोष्टी लोक एकदम मागतात. दोन्ही मागण्या रास्त आहेत. आणि यंत्राची हुशारी कितीही वाढली तरी त्या एकमेकींस ओढीत राहतात. सरकारी योजना फसतात त्या बहुधा ही ओढाताण लोकांपुढे उघड न मांडल्यामुळे.

दोन देशांचे अनुभव ताडून पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. हॉलंडच्या सरकारने २००९ सालच्या नोव्हेंबरात अतिशय विचारपूर्वक योजना आखली. मोटारखरेदीवरील कर आणि वार्षिक कर काढून टाकावयाचे, आणि त्यांच्या जागी २०१२ पासून किलोमीटरला सरासरी ३ सेंट कर घेऊन तो २०१८ पर्यंत ६.७ सेंटांवर न्यावयाचा. गर्दीच्या वेळी दर चढा, आणि मोजणी उपग्रहाच्या साह्याने. बहुसंख्य मोटारवाल्यांचा एकंदर भार यामुळे हलका होईल, असे सरकार सांगत होते. तरीही विरोध शमला नाही. २०१० च्या फेब्रुवारीत दुसऱ्याच कारणाने ते मंत्रिमंडळ कोसळले आणि त्याबरोबर ही योजनाही बारगळली. याच्या उलट न्यूझीलंडमध्ये १९७८ पासून डिझेलच्या गाड्यांवर असा कर चालू आहे. तेथे शेतीच्या यंत्रांस लागणाऱ्या डिझेलवर भार पडू नये म्हणून डिझेलवर पंपाशी रस्त्याचा कर घेत नाहीत. गाडीचा मालक हजार-हजार किलोमीटरचा परवाना आगाऊ विकत घेऊन त्याची चिठ्ठी गाडीच्या काचेवर लावतो. २०२४ च्या १ एप्रिलपासून विजेच्या हलक्या मोटारीही या पद्धतीत आणण्यात आल्या. त्यांचा दर हजार किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर ठरला. पद्धत साधी, मीटरवर विसंबलेली, गर्दीच्या दृष्टीने निरुपयोगी. पण कोणी पाळत ठेवीत नाही आणि एकाच मैलाचे पैसे दोनदा घेतले जात नाहीत. हुशार योजना गेली आणि साधी राहिली, ती यामुळे.

या दोहोंच्या मधला मार्ग अमेरिकेतील ऑरेगॉन संस्थानाने काढला. पेट्रोलवरील कर अमेरिकेत प्रथम याच संस्थानाने १९१९ साली बसविला. आणि तो कर पुढे अपुरा पडणार हे ओळखून मैलागणिक कराचा ऐच्छिक प्रयोग २०१५ साली सुरू केला तोही त्यानेच. आरंभीचा दर मैलास दीड सेंट होता, आणि भरलेला इंधनकर त्यातून वजा मिळे. मोटारीत ठिकाण ओळखणारे यंत्र घ्यावयाचे की नुसते मैल मोजणारे, याची निवड मालकाकडे ठेवली. आणि हिशेब चुकता झाल्यावर ३० दिवसांत प्रवासाच्या नोंदी नष्ट केल्या पाहिजेत, असे कायद्यातच घातले. न्याय आणि एकान्त यांपैकी काय अधिक हवे ते ज्याचे त्याने ठरवावे, हा त्यामागील विचार मोलाचा आहे.

लोकमत एकदा विरुद्ध गेले की ते कायमचे गेले, असेही समजण्याचे कारण नाही. एडिंबरो शहरात प्रवेश करणाऱ्या मोटारींवर कर बसवावा काय, असे २००५ च्या फेब्रुवारीत तेथील नागरिकांस विचारले, तेव्हा सुमारे ७४ टक्क्यांनी नाही म्हटले. २००८ च्या डिसेंबरात मँचेस्टर परिसरातील लोकांनी तशीच सूचना सुमारे ७९ टक्के मतांनी फेटाळली. हे कर मैलागणिक नव्हते, शहराच्या वेशीवरचे होते. परंतु गर्दीला किंमत लावावयाची हे तत्त्व एकच. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिने याच प्रकारचा कर २००६ च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत प्रथम प्रयोग म्हणून लावला, आणि मते घेतली ती त्यानंतर सप्टेंबरात. आरंभी तेथेही बहुमत विरुद्धच होते. परंतु मोटारींची वर्दळ सुमारे एक-पंचमांशाने घटली, मोकळे रस्ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि शहरवासीयांनी थोड्या मताधिक्याने अनुकूल कौल दिला. शेजारच्या ज्या उपनगरांनी स्वतंत्र मतदान घेतले, त्यांतील बहुतेकांचा कौल मात्र प्रतिकूलच पडला; ज्यांना लाभ दिसला ते वळले, आणि ज्यांना केवळ पैसे मोजावे लागले ते वळले नाहीत. लोकमत व्याख्यानांनी वळत नाही, अनुभवाने वळते. आणि अनुभव सर्वांचा एक नसतो, हे दोन्ही धडे या मतदानात आहेत.

आता विजेच्या मोटारींकडे वळावयाचे. पेट्रोल न जाळणारी मोटार पेट्रोलवरील कर देत नाही. रस्ता मात्र तीही झिजवते आणि गर्दीत तीही भर घालते. २०२२ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश पार्लमेंटच्या वाहतूक समितीने इशारा दिला की, इंधनकर आणि वार्षिक मोटारकर मिळून सुमारे ३५ अब्ज पौंडांचे उत्पन्न हळूहळू आटणार आहे. पेट्रोलच्या मोटारीचा हिशेब करून पाहावा. गॅलनला ४० मैल जाणारी मोटार वर्षात १०,००० मैल धावली, तर तिला २५० गॅलन, म्हणजे सुमारे १,१३७ लिटर पेट्रोल लागेल. लिटरमागे ५२.९५ पेन्सांच्या दराने त्यावरील इंधनकर सुमारे ६०२ पौंड झाला. म्हणजे मैलास जवळजवळ ६ पेन्स. तितकेच मैल धावलेली विजेची मोटार यापैकी काहीच देत नाही. नवी महाग मोटार घेऊ शकणाऱ्याने रस्त्याचा भार जुन्या स्वस्त मोटारीच्या धन्यावर टाकावा, असा हा उलटा न्याय होतो.

म्हणून २०२५ सालच्या २६ नोव्हेंबरला अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी आपल्या अंदाजपत्रकात असे जाहीर केले की, २०२८ च्या एप्रिलपासून विजेच्या मोटारींवर मैलास ३ पेन्स, आणि वीज व पेट्रोल अशा दोहोंवर चालणाऱ्या, तारेने भारता येणाऱ्या मोटारींवर मैलास दीड पेन्स कर बसवावयाचा. वरील उदाहरणातील मोटारीस तो वर्षाला ३०० पौंड पडेल. म्हणजे पेट्रोलच्या मोटारीच्या निम्मा. यात उपग्रह नाही, पाळत ठेवणारी पेटी नाही. वर्षाच्या मैलांचा अंदाज घेऊन पैसे वार्षिक कराबरोबर भरावयाचे, आणि मीटरचा आकडा तपासून हिशेब पुरा करावयाचा. २००७ च्या अर्जाची छाया या योजनेवर उघड दिसते. त्या वेळची योजना हुशार होती, पण ती डोळे लावून बसणार होती. आताची डोळे मिटून घेते, आणि म्हणून खेडे व शहर, मध्यरात्र व सकाळचे नऊ, यांस एकाच मापाने मोजते. पाळतीचा आक्षेप सरकारने मान्य केला; त्याची किंमत न्यायाच्या आक्षेपाने मोजली. विजेच्या मोटारी घ्या म्हणून एका हाताने उत्तेजन द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्यांवर कर बसवावयाचा, हे विसंगत नाही काय, असा नवा आक्षेपही आता त्यात मिळाला आहे.

विरोध दरवेळी रस्त्यावर किंवा मतपेटीतच प्रकट होतो असे नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया संस्थानाने २०२१ साली विजेच्या मोटारींवर किलोमीटरला अडीच सेंटांचा कर बसविला, तेव्हा तो प्रश्न न्यायालयात गेला. आणि असा कर बसविण्याचा अधिकार संस्थानास नसून मध्यवर्ती सरकारास आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायपीठाने २०२३ च्या ऑक्टोबरात दिला. कर कोणी बसवावा, याचेही उत्तर आधी निश्चित असावे लागते.

महाराष्ट्रातील वाचकांस हा विषय अगदीच परका वाटू नये. टोलनाक्यांविषयीचा असंतोष येथे घरोघर परिचित आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाच वेशींवरील टोल हलक्या मोटारींस माफ झाला, यावरून त्या असंतोषाचे वजन कळते. त्याच्या आधीच्या महिन्यात केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्काचे नियम बदलून उपग्रहाच्या साह्याने प्रत्यक्ष अंतराप्रमाणे आकारणी करण्यास वाव ठेवला. तशी यंत्रे बसविलेल्या गाड्यांस दिवसाकाठी एका दिशेस पहिले २० किलोमीटर मोफत ठेवण्याची तरतूद त्यात आहे. नाक्याशेजारी राहणाऱ्या गावकऱ्याचे जुने गाऱ्हाणे असे की, चार किलोमीटर जाण्यास साठ किलोमीटरांचे पैसे का द्यावे? अंतराप्रमाणे आकारणी झाली तर या गाऱ्हाण्यास उत्तर मिळेल. परंतु त्याच क्षणी दुसरा प्रश्न उभा राहील : ती गाडी कोठे कोठे गेली याची नोंद कोणाच्या हाती, किती दिवस आणि कोणत्या कायद्याच्या आधाराने राहणार? २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने अशी आकारणी देशभर तूर्त सुरू होणार नसल्याचे स्पष्ट केले. तेव्हा हा प्रश्न विचारण्यास अवकाश आहे, आणि तो आधीच विचारलेला बरा.

रस्ते आकाशातून पडत नाहीत. त्यांचे पैसे कोणीतरी दिलेच पाहिजेत, आणि पेट्रोलच्या किमतीत लपलेला जुना मार्ग दिवसेंदिवस अरुंद होत जाणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून मैलागणिक कराला केवळ ‘नको’ म्हणून भागणार नाही. त्याचबरोबर विरोध करणारांस अडाणी ठरवूनही भागणार नाही. कारण त्यांनीच या कराला त्याच्या आजच्या रूपास आणले आहे. वेल्सच्या शेतकऱ्यांनी फाटके मोडली म्हणून रस्त्यांची व्यवस्था सुधारली. १८ लाख लोकांनी सह्या केल्या म्हणून पाळतीची पेटी मागे पडली. अशी योजना पुढे येईल तेव्हा नागरिकाने तीन गोष्टी स्पष्ट करून मागाव्यात. या करामुळे जुना कोणता कर, किती आणि कोणत्या तारखेस जाणार? प्रवासाची नोंद कोण ठेवणार आणि ती केव्हा नष्ट होणार? आणि ज्याला दुसरी वाट नाही त्याच्यासाठी कोणती सोय केली आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण समाधानकारक असेल, तर तिसऱ्याचे थोडे अपुरे असणार, हेही त्याने मनाशी समजून असावे. या दोहोंत किती तडजोड करावयाची, हे यंत्रज्ञाने किंवा अर्थशास्त्रज्ञाने ठरवावयाचे नसून, ज्यांस रोज त्या रस्त्याने जावयाचे आहे त्यांनी ठरवावयाचे आहे.